डबल की टेक

गावंडेभाऊ कोणाला ‘बसा’ म्हणत नसत, ‘टेका’ म्हणत. गाडीत पिशवी ठेवून माझ्यासाठी धरलेली जागा मोकळी करताना, प्रयोगशाळेतलं उंच स्टूल माझ्याकडे सरकवताना, नाहीतर त्यांच्या बडनेऱ्याच्या घरात मी पाय ठेवल्याबरोबर, एकच वाक्य ठरलेलं. “टेक व, वनिता.” टेकणं म्हणजे उठायच्या बोलीवर बसणं. मी मुळात भित्री बाई. गाडी चुकेल, गॅस चालू राहिला असेल, पोराला शाळेत ताप भरेल, अशी कसली ना कसली धास्ती मला असतेच, त्यामुळे मी कुठे पुरती बसतच नाही. भाऊंनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. “तुले बसाले सांगनं बेकार आहे, टेक तरी,” म्हणायचे.

आम्ही दोघं बडनेऱ्याहून अकोल्याला रोज जाऊन येऊन नोकरी करायचो, एका खाजगी बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत. भाऊ माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं वरचं बटण हिवाळा असो की मे महिना, लावलेलंच. बोलायला एक नंबर. बडनेऱ्याला गाडी सुटली की त्यांची गोष्ट सुटायची, मूर्तिजापूरला ती ऐन रंगात यायची, आणि अकोला आलं तरी संपायची नाही. मग डब्यातले बाकीचे अपडाउनवाले म्हणायचे, “भाऊ, उरलेली संध्याकाळी.” संध्याकाळी भाऊ ती पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, आणि सकाळी त्यात नसलेला एखादा म्हातारा किंवा एखादी म्हैस तिच्यात आलेली असायची.

आमचं काम होतं उगवण तपासायचं. सोयाबीनचे, तुरीचे दाणे ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, उबेला ठेवायची, आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. शंभरातले किती आले, तो आकडा थैलीवर छापला जायचा. भाऊ गुंडाळी उघडताना दाण्यांशी बोलायचे. “काहून बापा, तू काहून नाई उठला?” न उगवलेले दाणे टाकून द्यायचे असतात. भाऊ ते खिडकीतल्या ताटलीत आणखी ओले ठेवायचे. त्यातला एखादा उशिराने फुटला की साऱ्या लॅबला दाखवत हिंडायचे. एकदा नव्या आलेल्या साहेबाने त्यांना विचारलं, “हा दाणा उगवेल की नाही, हे आधी सांगता येईल का?” भाऊ म्हणाले, “साहेब, शंभरातले किती उगवतील थे मी सांगतो. कोनता उगवन थे त्या दान्यालेबी माईत नसते.”

असा माणूस रोज संध्याकाळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जायचा, हे मला कळलं तेव्हा माझ्या धास्त्यांत आणखी एकीची भर पडली.

ऑफिस सुटणं आणि गाडी यांच्यामध्ये पाऊण तास असायचा. त्या वेळात कोणी भाजी घ्यायचं, कोणी पान खायचं. भाऊ स्टेशन रोडवरच्या काळ्या काचेच्या दारात शिरायचे. दारावर ‘कौशल्याचे खेळ’ असं लिहिलेलं. बायकांनी त्या फुटपाथवरून जाताना पाऊल जरा उचलून टाकायचं, अशी ती जागा. पण भाऊ ते लपवत नव्हते. डब्यात सगळ्यांदेखत सांगायचे, तेही हातवारे करून.

त्यांनी सांगितलं म्हणून मला तो खेळ ठाऊक झाला. खेळ पोकरचा, पण समोर माणूस नाही, मशीन. पडद्यावर पाच पत्ते येतात, नको ते टाकायचे, नवे घ्यायचे, जोड जमली तर जिंकलात. पण जिंकलं की मशीन लगेच हातावर काही ठेवत नाही. आधी विचारते. दोन बटणं लुकलुकायला लागतात, एक टेक आणि एक डबल. टेक हे इंग्रजीतलं, म्हणजे घे आणि मोकळा हो. डबल दाबलं तर मशीन आपला एक पत्ता उघडा टाकते आणि शेजारी चार पालथे. त्या चारांतला एक तुम्ही उलटायचा. मशीनच्या पत्त्यापेक्षा मोठा निघाला तर जिंकलेलं दुप्पट. लहान निघाला तर जिंकलेलं सगळं गेलं. आणि दुप्पट झालं की मशीन पुन्हा तेच विचारते, डबल की टेक. विचारायचा तिला कंटाळा येत नाही.

भाऊ तिथे पहिल्यांदा गेले ते उन्हापासून वाचायला. अकोल्याचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि त्या काळ्या काचेच्या आत एसी होता. नुसतं थंड हवेत बसून राहिलं तर बरं दिसणार नाही म्हणून ते खेळले. आणि आले की चार गुलाम! भाऊ स्टुलावरून ताडकन उभे राहिले. मागून पार्लरवाले सलीमभाई ओरडले, “टेक करो चाचा, टेक!” भाऊंना वाटलं, आपण उभे राहिलो म्हणून हा आपल्याला टेकायला सांगतोय. ते बिचारे लगेच टेकले, आणि टेकताना कोपर ठेवलं ते नेमकं डबलवर. पडद्यावर चार पालथे पत्ते आले. हे काय झालं बुवा, म्हणून त्यांनी पडद्याला बोट लावलं, तर बादशहा उलटला. चार गुलामांचं दुप्पट झालं. सलीमभाईंनी स्वतः येऊन टेक दाबला आणि भाऊंचा हात धरून त्यांना मशीनपासून लांब नेलं.

सारा डबा हसून बेजार झाला. मी हसले नाही. एवढं मोठं काही माणसाला चुकून मिळावं, कोपर टेकल्यामुळे मिळावं, याचीच मला भीती वाटली. “घरी काय म्हणाल्या काकू?” मी विचारलं. भाऊंचा आवाज उतरला. त्या दिवशी ते घरी जाऊन सगळं रंगवून सांगायला लागले, तेव्हा कुसुमकाकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही, मान वर केली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आनि गेले असते तं?”

“मले रातभर झोप नाई व, वनिता,” भाऊ म्हणाले. “जितल्यावर झोप गेली.”

त्यातून त्यांनी आपला नियम बसवला. पत्त्यांचे हिशेब ते पक्के जाणत होते. पाच पत्त्यांच्या डावात मशीन आपलं कमिशन हळूच कापून घेते, डबलमध्ये मात्र तसं नाही, तिथे निम्मं-निम्मं, असं ते म्हणायचे. “साऱ्या मशीनीत थे एकच बटन इमानदार आहे. म्हनूनच त्याले भेवाव.” मागचे चार डाव हरलो म्हणून आता जिंकू, हे त्यांना मान्य नव्हतं. पत्त्याला मागचं काही याद नसतं. मग डबल कधी दाबायचं? तर जे मिळालं ते घरी सांगावंसं वाटत असेल, तर टेक. आणि सांगण्यासारखं काही नसेल, एखादी किरकोळ जोडी असेल, गेली तरी भाजीची चव बदलणार नाही असं असेल, तर खुशाल डबल. “घरी जाऊन सांगाव वाटलं, का मंग थे आपलं झालं. आपल्यावर डबल खेयाच नसते.”

खिशात ठरवून आणलेलं संपलं की ते उठायचे. आणि खरोखर उठायचे, हे मला सलीमभाईंनीही नंतर सांगितलं. तरी संध्याकाळी ते फलाटावर दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ते दिसले की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची. ते मला चिडवायचे, “पाय बरं, किडनी हाये का जाग्यावर, का थेबी हारून आलो?”

त्या दारातून आत मी एकदाच गेले. भाऊंचा फोन लॅबच्या टेबलावर राहिला होता आणि त्यावर काकूंचे फोनवर फोन येत होते. भाऊंचं डोकं महिनाभर दुखत होतं, त्यासाठी अमरावतीला मोठा फोटो काढला होता आणि त्याचा रिपोर्ट आला होता. शेवटी मी फोन उचलला. “त्याईले घेऊन ये व लवकर,” एवढंच म्हणाल्या. मी धावत गेले आणि दार ढकललं.

आत अंधार आणि गारवा. मशीनचे रंगीत उजेड लोकांच्या गालांवर पडलेले. कोणी बोलत नव्हतं. मला वाटत होतं अशा जागी आरडाओरडा असेल, पण ते शांत होतं, आणि मी दबकत पुढे गेले. एका मशीनपुढे मोर्शीचा एक संत्र्यांचा व्यापारी बसला होता. आमच्याच गाडीने कधीमधी यायचा, गोरापान, जाड बोटांत अंगठ्या. त्याचं डबल चालू होतं. एकदा लागलं, पुन्हा लागलं, आणखी एकदा लागलं. भाऊ त्याच्या मागे उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही. ते फार हळू, जवळजवळ त्याच्या कानात म्हणत होते, “टेक राजा. आता टेक.” व्यापाऱ्याने मान हलवली. खरं तर त्याला ते पटलं होतं. त्याचं बोट टेककडे गेलंसुद्धा. मग ते तिथे थांबलं आणि डबलवर उतरलं.

मशीनचा पत्ता सत्ती होता. त्याने उलटली ती तिर्री. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. पडद्यावर शून्य आलं होतं आणि तो आणखी काही वेळ डबलचं बटण दाबत राहिला, जणू ते आपलं अजून काही ऐकेल. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा त्यांना मी दिसले.

“तू काहून आली इथं?”

मी काकूंना फोन लावून पुढे केला. काकूंचे दोन शब्द ऐकून त्यांनी तो खिशात ठेवला, मला बाहेर काढलं, आणि रस्ता ओलांडताना म्हणाले, “चाल लवकर, भाकर सुटन.”

मी हसले. मला वाटलं, मला घाबरलेली पाहून थट्टा करतायत. भाऊ हसले नव्हते. ते रस्त्याच्या मधोमध थांबले होते आणि ओठ हलवून बघत होते. “भाकर नाई,” ते म्हणाले. “थे. थे आपली. रुयावरची.” मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी त्यांचा दंड धरला. गाडी हा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी तो हळू, दोनदा म्हणून पाहिला. इतकी घाबरले मी त्या वेळी, की बडनेरा येईपर्यंत मी पिशवीचा बंद सोडला नाही.

डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती. नागपूरला ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा डोक्याला पांढरं गुंडाळलेले भाऊ खाटेवर उशाला टेकून बसले होते, आणि बोलत होते! नर्सला म्हशीची गोष्ट सांगत होते. गाडी म्हणाले, भाकर म्हणाले, वनिता म्हणाले. काकू दाराशी उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. मला रडूच आलं.

पण डॉक्टरांनी गाठ सगळी काढली नव्हती. एक तुकडा बोलण्याच्या जागेला चिकटलेला होता, तो मुद्दाम ठेवला होता. भाऊंना घरी सोडताना त्यांनी समोर बसवून सांगितलं. पुन्हा एक ऑपरेशन करता येईल. तुकडा नीट निघाला तर कायमचे मोकळे. नाही जमलं तर वाचा जाईल, आणि गेली तर परत यायची नाही. निम्मं-निम्मं समजा. नाहीतर तो तसाच ठेवायचा, दर काही महिन्यांनी फोटो काढून पाहायचं. तो वाढेल किंवा नाहीही वाढणार. घाई नाही, घरी विचार करा.

काकूंनी मला बोलावून घेतलं. “तुयं ऐकतात थे. तू सांग. त्याईच्या डोक्यात थे ठेवून मले रातची झोप येत नाई. शेजारी हात लावून पायतो, का हाये का नाई. निघून जाऊ दे एकदाचं सारं.” मी काय सांगणार होते? मलाही तो तुकडा जागता झोपता दिसत होता. डाळीच्या दाण्याएवढा, काळा, भाऊंच्या गोष्टींच्या मधोमध बसलेला.

“टेक व,” भाऊ म्हणाले. मी खुर्चीच्या कडेला टेकले. काकू जमिनीवर बसल्या.

“डॉक्टर सांगतात निम्मं-निम्मं,” भाऊ म्हणाले. “सारी जिंदगी मी हेच आकडे छापले. शंभरातले पन्नास. पन मी तं एकच दाना आहो ना.”

“म्हनून काय करायचं?” काकू म्हणाल्या.

“आज मले बोलता येते. तुह्यं नाव घेता येते. घरी सांगन्यासारखं आहे हे. मी टेक करतो.”

काकू एकदम उठल्या. “हे काय मशीन हाये काय तुमची?”

“मशीन असती तं बरं होतं,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण गुडघ्यावरचा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली घट्ट दाबून धरला होता. म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिल्यावर माझा उरलासुरला धीरही गेला. “मशीनीत टेक दाबला का थे खिशात. इथं टेक दाबूनबी थे टेबलावरच रायते. मालूम आहे मले. रोज सकायी उठून पायाव लागन, शबद हायेत का जाग्यावर.”

“मंग करून टाका ना डबल,” काकू म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. “निम्मं तं निम्मं. मोकये तरी व्हाल.”

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. खूप मायेने पाहिलं, आणि विचारलं, “आनि गेलं तं?”

काकू उभ्या होत्या तिथेच परत खाली बसल्या. मग काकूंनी चहा टाकला.

त्यानंतर भाऊ पार्लरमध्ये गेले नाहीत. सलीमभाईंनी विचारलं तर म्हणाले, “घरीच खेळ चालू आहे.” पण बोलले मात्र भरभरून. निवृत्त होईपर्यंत डब्यात आणि त्यानंतर बडनेऱ्याच्या घरी, येईल त्याला टेकवून बोलले. आधी ज्या गोष्टीत एक म्हैस होती तिच्यात दोन झाल्या. फोटो निघत होते आणि तुकडा तेवढाच होता. लोक म्हणायचे, गावंडेभाऊ बरे झाले. मी मात्र त्यांची गोष्ट कधी सुखाने ऐकू शकले नाही. प्रत्येक वाक्याला माझा श्वास अडकायचा, पुढचा शब्द येतो की नाही म्हणून. तो यायचा. मी श्वास सोडायची, आणि पुढच्या शब्दासाठी पुन्हा धरायची. काकू रोज हेच करत असणार, आणि त्या त्यांच्याशी एका घरात राहत होत्या.

मग एका दिवाळीला भाऊ मला करंजी द्यायला लागले आणि तिला तूर म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. भाऊंनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि करंजी ताटात परत ठेवली. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की आता ते दुसरं ऑपरेशनही करता येण्यासारखं उरलेलं नाही. शब्द एकेक करून गेले. आधी वस्तूंचे, मग गावांचे, मग माणसांचे. म्हशीची गोष्ट जायला वेळ लागला. शेवटी शेवटी ती नुसत्या हातवाऱ्यांची उरली होती, पण कुठे हसायचं ते आम्हाला माहीत होतं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते बडनेरा स्टेशनावर. मी अकोल्याच्या गाडीतून उतरत होते. भाऊंना संध्याकाळी गाड्या पाहायला आवडायचं, म्हणून काकू त्यांना फलाटावर आणून बसवायच्या. मला पाहून काकू बाकावरून उठून पुढे आल्या. “परवापासून एक शबद नाई व,” त्या हळूच म्हणाल्या. “मलेबी हाक नाई मारली.”

मला पुढे जायची भीती वाटली. त्यांनी मला पाहावं आणि ओळखू नये, हे मला सोसलं नसतं. घरी घाई आहे म्हणून सटकावं, असंही मनात आलं. पण भाऊंची मान वळली होती. ते माझ्याकडे बघत होते, फार वेळ. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मानेच्या शिरा वर आल्या. त्यांनी बाकावरची काकूंची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

“टेक,” ते म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मी बसले. कडेला नाही, पाठ टेकून बसले. भाऊ, मी कोण, माझं नाव सांगा, असं अगदी जिभेवर आलं होतं. समोर गाडी उभी होती, तिला काय म्हणतात ते विचारावं, काकूंना एक हाक मारा म्हणावं, असं फार फार वाटलं. काकूही माझ्याकडे त्याच आशेने पाहत होत्या. पण एक शब्द आला होता, आणि तो घरी जाऊन सांगण्यासारखा होता. मी दुसरा मागितला नाही. गाडी सुटली, आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून होतो.